लॉन उपटलं, पाऊस पेरला

अमेरिकेतल्या वाळवंटात दादा-वहिनीकडे सुट्टीला गेले, ती वहिनीशी चार शब्द बोलायचं ठरवून. पण बोलायची वेळ आली तेव्हा ऐकतच बसले...

"वहिनीने लॉन उपटलं."

दादाने ही बातमी मला फोनवर दिली ती घरात चोरी झाल्याच्या आवाजात. आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटलं.

त्या लॉनवरचा बाबांचा फोटो पुण्याच्या घरी आमच्या फ्रिजवर लावलेला आहे. २०१७ साली आई-बाबा सहा महिने दादाकडे राहून आले, तेव्हाचा. फोटोत बाबा अनवाणी उभे आहेत, पायजमा दुमडलेला, हातात पाण्याचा पाइप. आणि चेहऱ्यावर असं हसू की माझ्या पहिल्या पगारालाही ते मिळालं नव्हतं! बाबा माण तालुक्यातले. दुष्काळात वाढलेले, कावडीने पाणी वाहिलेले. रोज संध्याकाळी पाइप हातात घ्यायचा, हवं तेवढं पाणी सोडायचं आणि कुणी हटकायचं नाही, ही त्यांची अमेरिका होती. ग्रँड कॅन्यन बघून आले, पण गावी जाऊन सांगितलं ते लॉनचंच.

२०१९ मध्ये बाबा गेले. त्यामुळे ते लॉन आमच्यासाठी नुसतं गवत राहिलं नव्हतं.

मधे कोविड, मग नोकरी बदलली, मग डेडलाइन्स. शेवटी एकदाची तीन आठवड्यांची रजा मिळाली आणि जूनमध्ये मी निघाले. बॅगेत चितळ्यांची बाकरवडी, आणि डोक्यात वहिनीला विचारायचा प्रश्न.

सायलेंट अक्षरांचं गाव

दादाचं गाव टूसॉन. स्पेलिंगमध्ये मधे एक 'सी' आहे, पण तो उच्चारायचा नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं हे शहर. फिनिक्स विमानतळापासून गाडीने दोनेक तास, आणि तिथून पुढे शंभरेक किलोमीटर गेलात की मेक्सिको. आजूबाजूला पसरलंय ते सोनोरन वाळवंट.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेर येतं. वाळूच्या टेकड्या, उंट, सूर्यास्त. इथे तसलं काही नाही. इथे डोंगर आहेत, काटेरी झाडं आहेत आणि हात वर करून उभे असलेले ते प्रचंड निवडुंग, काउबॉयच्या सिनेमात दिसतात ते. त्यांचं नाव सवारो. (स्पेलिंगमधला 'जी' सायलेंट. या गावात पाऊस कमी आणि सायलेंट अक्षरं जास्त!) सवारोला पहिला हात फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. दीडशे-दोनशे वर्षं जगतो. दहा वर्षांचा सवारो असतो आपल्या अंगठ्याएवढा.

मी पोचले ती तारीख होती २४ जून. गाडीतला थर्मामीटर ४३ दाखवत होता. शेजारच्या मेक्सिकन आजींनी हात हलवला आणि आकाशाकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाल्या. वहिनीने अर्थ सांगितला, "आज सान हुआनचा दिवस. म्हणजे आता पाऊस येणार." इथेही मान्सून आहे बरं का! वर्षाला जेमतेम २७०-३०० मिलिमीटर पाऊस, पुण्याच्या निम्म्याहून कमी. त्यातला जवळजवळ अर्धा उन्हाळी मान्सूनमध्ये पडतो. आपल्याकडे मृगाची वाट बघतात, इथे सान हुआनची.

आणि मग मी अंगण पाहिलं.

खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. जिथे बाबा उभे होते तिथे खड्डे होते. खड्ड्यांच्या मधे मातीचे उंचवटे. त्यावर राखाडी रंगाची झुडपं, एक वाकडंतिकडं काटेरी झाड, इकडेतिकडे लाकडाचा भुसा आणि पालापाचोळा. कुणीतरी घर बांधायला घेऊन अर्ध्यात सोडून दिल्यासारखं.

"बाग मेली का गं?" मी विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाली. "थांबलीये."

हरळीची गोष्ट

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला वहिनीने उठवलं. जूनमध्ये इथे माणसं पहाटे बाहेर पडतात, मग थेट संध्याकाळी. आम्ही चहाचे कप घेऊन पायरीवर बसलो आणि मी तो प्रश्न काढला. वहिनी चिडली नाही. तिने मलाच उलट विचारलं, "ते लॉन कसलं होतं, माहितेय तुला? बर्म्युडा ग्रास. म्हणजे आपली हरळी. म्हणजेच दूर्वा!"

मला हसू आवरेना. शेतात हरळी शिरली की ती काढता काढता पिढ्या म्हाताऱ्या होतात. आणि इथे लोक पैसे मोजून तिचे गालिचे अंथरतात, तिला रोज पाणी पाजतात, वाढली की मशीनने कापतात. हिवाळ्यात ती पिवळी पडते, मग वरून दुसऱ्या गवताचं बी टाकून पुन्हा हिरवा रंग आणतात.

"आणि पाणी कुठलं?" वहिनी म्हणाली. ते ऐकण्यासारखं आहे. टूसॉनला पूर्वी सांताक्रूझ नावाची वाहती नदी होती. जमिनीतलं पाणी इतकं उपसलं की नदी शहरातून नाहीशी झाली. मग कोलोरॅडो नदीचं पाणी आणायचं ठरलं. त्यासाठी एक कालवा खणला, सुमारे ५४० किलोमीटरचा. राज्याच्या पश्चिम सीमेवरून पाणी उचलायचं, पंपांनी जवळजवळ ८८० मीटर वर चढवायचं आणि वाळवंटातून टूसॉनपर्यंत आणायचं. म्हणजे मुंबईचं पाणी पंप लावून महाबळेश्वराच्या अर्ध्या उंचीच्याही वर चढवायचं, आणि मग दूर्वांना घालायचं!

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकी सरकारने कोलोरॅडो नदीवर पाणीटंचाई जाहीर केली. नदीच्या इतिहासात पहिल्यांदाच. पुढच्या वर्षीपासून ॲरिझोनाच्या पाण्यात कपात झाली आणि तिचा पहिला फटका बसला तो टूसॉन आणि फिनिक्सच्या मधल्या शेतकऱ्यांना. शहरांचे नळ चालूच राहिले.

"त्या बातमीनंतर मला झोप लागली नाही," वहिनी म्हणाली. "शेतकऱ्यांचं पाणी तुटलं आणि आपण गवत भिजवतोय. बाबांना हे कळलं असतं तर त्यांना ते चाललं असतं का गं?"

माझा प्रश्न तिथेच संपला.

हरळी मात्र सहजासहजी गेली नाही. आधी कुदळीने खणली, तर पुन्हा आली. मग उन्हाळ्यात जमीन भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरलं, दोन महिने. टूसॉनच्या उन्हात खालची मुळं शिजून निघाली. दादा पहिला आठवडाभर बोलत नव्हता. शेवटी त्याने एकच केलं. हरळीचा एक तुकडा उचलून मातीच्या कुंडीत लावला. "गणपतीला एकवीस लागतात," म्हणाला आणि आत गेला. ती कुंडी अजून मागच्या दाराशी आहे.

पाऊस पेरायचा म्हणजे काय?

कमी पाण्याच्या बागेला अमेरिकेत 'झेरिस्केप' म्हणतात. हा शब्द १९८१ साली डेन्व्हरच्या पाणीपुरवठावाल्यांनी काढला. पण पुष्कळ लोकांनी तो 'झिरोस्केप' ऐकला असावा. गवत काढलं, सगळीकडे खडी ओतली, मधे एक निवडुंग ठेवला, झाली बाग! अशी खडी दिवसभर तापते आणि रात्रभर भट्टीसारखी धग सोडते. पाणी वाचतं खरं, पण तिथे ना पाखरू येतं ना माणूस थांबतो.

वहिनीची शाळा वेगळी. इथले लोक म्हणतात, आधी पाऊस पेरा, मग झाड लावा. म्हणजे रोप आणायच्या आधी एक पावसाळा छत्री घेऊन अंगणात उभं राहायचं. छपरावरून पाणी कुठे पडतं, कुठून वाहतं, कुठे निघून जातं ते बघायचं. मग त्या वाटेवर खड्डे करायचे. रुंद, पसरट, गुडघ्याहून कमी खोल. एक भरला की पाणी दुसऱ्यात, दुसरा भरला की तिसऱ्यात. पाणी दिवसभरात जिरलं पाहिजे, नाहीतर डास. खड्ड्यात पालापाचोळ्याचा जाड थर, म्हणजे ओल उडत नाही.

"थांब थांब," मी म्हटलं, "हे तर आळं!"

"आळंच. फक्त झाडाभोवतीचं नाही, अख्ख्या अंगणाचं."

मग झाडांच्या जागा ठरतात. ज्यांना जास्त पाणी लागतं ती आळ्यात, मध्यम ती उतारावर. आणि निवडुंग, घायपात ही मंडळी उंचवट्यावर, कारण त्यांची मुळं ओलीत कुजतात. सगळी झाडं इथलीच, याच वाळवंटातली. पहिली एक-दोन वर्षं त्यांना पाणी घालावं लागतं. मग बहुतेकांना आळ्यातलं पाणी पुरतं.

आता थोडं गणित, कारण तुमच्यासारखंच माझंही एक्सेलशिवाय समाधान होत नाही. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. दादाचं छप्पर १५० चौरस मीटरचं. पंचवीस मिलिमीटरची एक जोरदार सर आली की झालं ३,७५० लिटर. वर्षाचे २८० मिलिमीटर धरले तर ४२,००० लिटर! थोडं उडून जातं, थोडं सांडतं, तरी उरतं ते पुष्कळ. शिवाय वॉशिंग मशीनचं पाणी नळीने संत्र्याच्या झाडाला. ॲरिझोनात घरगुती प्रमाणात असं पाणी वापरायला परवाना लागत नाही, साबण तेवढा कमी क्षारांचा घ्यायचा.

बेकायदा खाच

एका सकाळी वहिनी मला डनबार स्प्रिंग नावाच्या जुन्या वस्तीत घेऊन गेली. रस्त्यात शिरलो आणि मला आधी जाणवली ती सावली. दोन्ही बाजूंना मेस्कीट आणि पालो वर्देची झाडं, खाली झुडपं, मधून पायवाट. आणि फूटपाथच्या कडेच्या काँक्रीटमध्ये जागोजागी खाचा कापलेल्या. रस्त्यावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी त्या खाचेतून आत वळतं आणि झाडांच्या आळ्यात उतरतं.

ही कल्पना इथे रुजवली ब्रॅड लँकेस्टर या माणसाने. १९९५ मध्ये तो आफ्रिकेत झिम्बाब्वेला झेफानिया फिरी नावाच्या शेतकऱ्याला भेटला. बांध आणि चर खणून डोंगरावरचा प्रत्येक थेंब शेतात मुरवणारा हा शेतकरी. परत आल्यावर लँकेस्टरने शेजाऱ्यांना जमवून झाडं लावायला सुरुवात केली आणि आपल्या घरासमोरचा कर्ब कापला. तेव्हा ते बेकायदा होतं. झाडं मात्र वाढत गेली, लोक बघायला येऊ लागले. २००७ मध्ये महापालिकेने अशा खाचांना कायदेशीर मान्यता दिली. पुढच्याच वर्षी नियम आला की नव्या व्यापारी इमारतींनी बागेची निम्मी तहान पावसाच्या पाण्यावर भागवायची. २०१० पासून तो लागू झाला. २०१२ पासून घरांसाठी अनुदानही सुरू झालं. वहिनीने ते घेऊनच आपले खड्डे आणि समोरची खाच केली.

मी त्या सावलीत उभी राहून विचार करत होते. पाणी अडवा, पाणी जिरवा. हे वाक्य मी एसटीच्या स्टँडवर, शाळेच्या भिंतीवर शंभर वेळा वाचलंय. पण ते वाक्य माझ्यासाठी नाही, गावातल्या लोकांसाठी आहे, असं मी धरून चालले होते. माझ्या सोसायटीत मे महिन्यात एका गेटने टँकर आत येतो आणि त्याच वेळी दुसऱ्या गेटजवळ लॉनवर कारंजी फिरत असतात. त्या लॉनच्या ठरावाला मीही हात वर केला होता.

पाहुणे आले...

चार-पाच दिवसांत डोळे सरावले. जे मला राखाडी वाटलं होतं, त्यात हालचाल दिसायला लागली.

पालो वर्दे म्हणजे स्पॅनिशमध्ये 'हिरवी काठी'. पाणी कमी पडलं की हे झाड सरळ पानं गाळून टाकतं आणि हिरव्या सालीवर अन्न बनवतं. इथे हिरवा रंग पानांत शोधायचा नाही, सालीत शोधायचा! त्याच्या सावलीत वहिनीने बोटाएवढा सवारो लावलाय. रानातही लहान सवारो अशाच एखाद्या झाडाच्या आडोशाला वाढतो. "याला पहिला हात फुटेल तेव्हा मी नसेन," वहिनी अगदी सहज म्हणाली.

सकाळी लाल नळीसारख्या फुलांवर हमिंगबर्ड येतात. आपल्या शिंजिरासारखे, पण हवेत एका जागी हेलिकॉप्टरसारखे थांबणारे. डोक्यावर तुरा असलेले लावा पक्षी पिल्लांची रांग घेऊन रस्ता ओलांडतात आणि गाड्या थांबतात. शेजारच्या सवारोला सुतार पक्ष्याने भोकं पाडलीत. सुताराचा मुक्काम हलला की त्यात जगातल्या सगळ्यात छोट्या घुबडांपैकी एक येऊन राहतं. वहिनी कीटकनाशक मारत नाही, वाळलेली फांदी लगेच तोडत नाही. वाळक्या फांदीत एकट्याने राहणाऱ्या मधमाश्या घर करतात म्हणे.

उन्हाळ्याच्या शेवटी वटवाघळं येतात. लांब नाकाची, फुलातला मध पिणारी, सवारोच्या फुलांचं परागण करणारी. ही जात १९८८ पासून धोक्यात आलेल्यांच्या यादीत होती. टूसॉनच्या घराघरांतून लोकांनी हमिंगबर्डसाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटल्या रात्रीतून किती रिकाम्या होतात याची नोंद ठेवली, शास्त्रज्ञांना कळवली. २०१८ मध्ये ती यादीतून बाहेर आली. इतकी सावरली म्हणून बाहेर काढलेलं अमेरिकेतलं हे पहिलं वटवाघूळ! हे ऐकून मी मागच्या अंगणातल्या बाटलीकडे जरा आदराने बघायला लागले.

अर्थात सगळे पाहुणे शहाणे नसतात. त्यातली एक मी. कलिंगडाची सालं कचऱ्यात कशाला टाका, म्हणून मी ती रात्री मागच्या अंगणात नेऊन टाकली. रात्री अकराला धडाधड आवाज. खिडकीतून बघितलं तर रानडुकरासारखी पाच जनावरं! हॅवेलिना. (स्पेलिंग 'जे'ने, उच्चार 'ह'ने.) सालं संपवली, फड्या निवडुंगाचे चार फडे खाल्ले, आळं उकरलं आणि जाता जाता दाराशी असलेली कुंडी आडवी केली. दूर्वांची कुंडी.

सकाळी वहिनीने मला शांतपणे सांगितलं की इथे जंगली प्राण्यांना खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे. पक्षी आणि खारी सोडून. प्राण्यांना बोलवायचं ते झाडांनी, उष्ट्याने नाही. मी मान खाली घालून फुटक्या कुंडीकडे बघत होते. बाबांच्या लॉनचं तेवढंच उरलं होतं.

दादा आला. विखुरलेली मुळं गोळा केली, एका जुन्या डब्यात माती भरून त्यात दाबली. "हरळी आहे ती," म्हणाला. "ती कुठली मरते!"

कोण घरचं, कोण पाहुणं?

पाऊस यायच्या आत मेस्कीटच्या शेंगा गोळा कराव्या लागतात, भिजल्या की त्यांना बुरशी लागते. भाची आणि मी दोन बादल्या भरल्या. या शेंगांचं गोडसर पीठ इथले मूळ रहिवासी शेकडो वर्षं खात आलेत. वहिनी त्याचं थालीपीठ लावते. निम्मी भाजणी, निम्मं मेस्कीट. वरून लोणी. सॉलिड लागतं!

मेस्कीटची पानं मला ओळखीची वाटत होती. दसऱ्याला आपण शमी पुजतो, तिची ही बहीण. आणि आपल्या माळरानांवर माजलेली वेडी बाभूळही याच गोतावळ्यातली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी कालपरवापर्यंत तिघींना एकाच नावाखाली ठेवलं होतं. वेडी बाभूळ अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आणली आणि ती आता हटता हटत नाही.

मग वहिनीने गल्लीच्या टोकाला एक गवताचा झुबका दाखवला, आणि मुळापासून उपटला. "याला ओळखतेस? अंजन." आपल्याकडे गुरांना चारतात ते अंजन गवत! ते आपल्याकडचं आणि आफ्रिकेतलं. ॲरिझोनात १९३० च्या दशकात चाऱ्यासाठी आणि जमिनीची धूप थांबवायला म्हणून आणलं. आता ते डोंगरभर पसरलंय. वाळलं की भडाभडा पेटतं, आणि सवारोला आगीची सवय नाही. हे वाळवंट कधी पेटणारं नव्हतंच, कारण झाडाझाडांत रिकामी जागा होती. ती जागा अंजनाने भरली.

म्हणजे त्यांची बाभूळ आमच्या डोक्यावर आणि आमचं अंजन त्यांच्या. गवत वाईट नाही, बाभूळही वाईट नाही. दोघींना चुकीच्या गावी नेऊन सोडलं, एवढंच. ती मोकळी जागा, जी मला पहिल्या दिवशी भकास वाटली होती, ती रिकामी नव्हतीच. ती सवारोला जगवत होती.

आणि मग तो आला

जुलैचा पहिला आठवडा. संध्याकाळी दक्षिणेकडून धुळीची भिंत उठली. वारा सुटला, आणि पाऊस पडायच्या आधी वास आला. आपल्या मातीच्या वासाहून वेगळा, जरा औषधी, जरा धुरकट. क्रिओसोट नावाच्या झुडपाचा. टूसॉनमध्ये पावसाचा वास म्हणजे हा. शेजारच्या आजी बाहेर येऊन खुर्ची टाकून बसल्या. गल्लीतले सगळेच बाहेर आले. आपल्याकडे पाऊस आला की लोक आत पळतात, इथे बाहेर!

आणि कोसळला. छपराच्या पन्हळीतून पाण्याचा लोट पहिल्या आळ्यात पडला. ते भरलं, दुसऱ्यात उतरलं, तिसऱ्यात... मी आणि भाची मॅच बघावी तसं ओरडत होतो. फक्त रस्त्याकडची खाच काही पाणी घेईना. शेंगा आणि पाचोळा अडकून ती तुंबली होती, आणि सगळं पाणी समोरून रस्त्याने निघून चाललं होतं.

दादा व्हरांड्यात उभा राहून बघत होता. गेली तीन वर्षं तो या बागेला 'तुझी बाग' म्हणत आला होता. अचानक त्याने चपला काढल्या, पायजमा दुमडला, कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि धावला. "अरे विजा चमकताहेत!" वहिनी ओरडली, पण तो पोचलाही होता. खाच मोकळी केली. पाणी वळलं. मग तो आत आला नाही. आळ्याच्या कडेला उभा राहून फावड्याने माती ओढत राहिला. एका बाजूचा काठ खाली, दुसऱ्या बाजूचा वर. दादाने फावडं धरलेलं मी शाळेनंतर पाहिलं नव्हतं, पण हात कुठेही चुकत नव्हता.

चाळीस मिनिटांत सर संपली. दादा चिखलाने माखून पायरीवर येऊन बसला.

"उतार चुकलाय इथे," तो वहिनीला म्हणाला. "बाबा असते तर पहिल्याच दिवशी बोलले असते. उद्या आपण तो नीट करू."

'आपण', असं म्हणाला. वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. कुणी काही बोललं नाही.

रात्री पलीकडच्या ओढ्यातून शेळ्या ओरडाव्यात तसा आवाज येत होता. ते बेडूक होते. वर्षातले बहुतेक महिने जमिनीत गाडून घेतलेले, पावसाचा आवाज ऐकून वर आलेले. चार दिवसांत राखाडी झुडपांना पालवी फुटली, पालो वर्देला पानं आली. थांबलेली बाग चालू लागली.

पुण्यात परतल्यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी लॉनचा विषय काढला. गेटजवळच्या कारंज्यांच्या जागी गच्चीचं पाणी उतरवायचं, आळी करायची, इथलीच झाडं लावायची. अपेक्षेप्रमाणे निम्मे लोक म्हणाले, "पण दिसायला कसं दिसेल?" बरोबर आहे. मीही पहिल्या दिवशी हेच म्हणाले होते. एका कोपऱ्यावर प्रयोग करायला परवानगी मिळालीय. पाऊस बघायला छत्री घेऊन मी उभी राहणार आहे.

फ्रिजवर आता दोन फोटो आहेत. एकात बाबा, अनवाणी, पायजमा दुमडलेला, हातात पाइप. दुसरा वहिनीने त्या संध्याकाळी मोबाइलवर काढलेला. दादा, अनवाणी, पायजमा दुमडलेला, हातात फावडं. हसू मात्र दोघांचं सेम टू सेम.

टूसॉनला जाणार असाल तर...

* हवा सुखाची असते ती नोव्हेंबर ते एप्रिल. सवारोची फुलं बघायची तर मे-जून. पाऊस बघायचा तर जुलै-ऑगस्ट, पण दुपारी घरात बसायची तयारी ठेवा.
* ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम चुकवू नका. १९५२ मध्ये सुरू झालेलं हे म्युझियम नावालाच. प्राणिसंग्रहालय, बाग आणि डोंगरातली पायवाट सगळं एकत्र आहे.
* सवारो नॅशनल पार्कचे दोन भाग आहेत, शहराच्या पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक. पश्चिमेचा म्युझियमच्या जवळ, दोन्ही एकाच दिवसात जमतात.
* डनबार स्प्रिंगमधून सकाळी पायी फिरा. ही राहती वस्ती आहे, त्यामुळे फोटो रस्त्यावरूनच काढा.
* पाण्याची बाटली, टोपी आणि रात्री पायाखाली बघायला टॉर्च हवाच. साप-विंचू इथले मूळ रहिवासी आहेत, आपण पाहुणे.
* आणि हो, कलिंगडाची सालं कचऱ्याच्या डब्यातच टाका!